हैदराबाद राज्याची पहिली निवडणूक (१९५२) : दोन मतांचा हिशेब

मराठवाड्यातल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी आयुष्यातले पहिले मत महाराष्ट्रासाठी दिले नाही. तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हतेच. मुंबई राज्यासाठीही दिले नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे त्या वेळी हैदराबाद राज्यात होते. १९५२ साली त्या राज्याची पहिली विधानसभा प्रौढ मताधिकाराने निवडली गेली, तेव्हा आपल्या या माणसांच्या बोटाला पहिल्यांदा शाई लागली.

१९५२ म्हटले की आपल्या चळवळीत एकच गोष्ट सांगितली जाते, ती म्हणजे मुंबईत बाबासाहेबांचा झालेला पराभव. ती सांगितलीच पाहिजे. पण त्याच निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला देशात सर्वाधिक विधानसभा जागा कुठे मिळाल्या, असे विचारले तर आपल्यातले बहुतेक जण गप्प बसतात. उत्तर आहे हैदराबाद. फेडरेशनचे देशभरातून १२ आमदार निवडून आले, त्यांतले ५ एकट्या हैदराबाद राज्यातले होते. मुंबई राज्यात ३१५ जागांपैकी फेडरेशनच्या वाट्याला फक्त एक जागा आली. लोकसभेत फेडरेशनचे दोन खासदार गेले, त्यांतला एक हैदराबाद राज्यातल्या करीमनगरचा होता.

बाबासाहेबांचे घर मुंबईत, वर्तमानपत्रे मुंबईत, चळवळीचा पाया मुंबईत. मग जिथे चळवळ जुनी होती तिथे एक आणि जिथे माणसाला पाच वर्षांपूर्वी मतच नव्हते तिथे पाच, हे कसे झाले? त्याचे उत्तर त्या वेळच्या मतदानपद्धतीत बरेचसे सापडते. म्हणून या लेखात आम्ही निकालाबरोबर ती पद्धतही सविस्तर मांडत आहोत.

मत नसलेले राज्य

ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ आणि १९४६ साली प्रांतिक निवडणुका झाल्या. मताधिकार मर्यादित होता, तरी निवडणूक होती. पुणे करारानुसार राखीव जागांसाठी आधी अस्पृश्य मतदारांनी चार जणांची प्राथमिक निवड करायची आणि मग सर्व मतदारांनी त्यांतून एक निवडायचा, अशी व्यवस्था होती. विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्रातल्या आपल्या लोकांना या सगळ्याचा कडूगोड अनुभव होता. मराठवाड्याला तो अजिबात नव्हता. संस्थानांना पुणे करार लागू नव्हता. निजामाच्या कायदेमंडळात सरकारने नेमलेल्यांचाच भरणा असे. १९३९ च्या सुधारणा योजनेत निवडणूक आली, पण ती प्रदेशावर न बेतता धंदा आणि हितसंबंधांवर बेतलेली होती. जमीनदार, जहागीरदार, वकील, व्यापारी अशा गटांचे प्रतिनिधी. वेठबिगार करणाऱ्याचा गट त्यात कुठून असणार?

याचा अर्थ मराठवाड्यात जागृती नव्हती असा नाही. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत परिषद झाली. भाऊसाहेब मोरे तिचे पुढारी होते. त्या परिषदेची आठवण आजही दर डिसेंबरात जागवली जाते. हैदराबाद शहरात जे. सुबय्या यांच्या नेतृत्वाखाली फेडरेशनचे काम चालत होते. दुसरीकडे बी. एस. व्यंकटराव यांच्यासारखे पुढारी निजामाच्या बाजूला राहिले आणि १९४७-४८ च्या लायक अली मंत्रिमंडळात मंत्रीही झाले. बाबासाहेबांची भूमिका याउलट होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी पत्रक काढून संस्थानातल्या अस्पृश्यांना स्पष्ट बजावले की निजामाची बाजू घेऊ नका आणि दबावाखाली धर्मांतर करू नका. आपल्या इतिहासात हा कप्पा अडचणीचा आहे. पण तो झाकून ठेवला तर १९५२ चे मतदान समजत नाही. चार वर्षांपूर्वी समाजाचे पुढारी दोन तटांत होते आणि गावोगावच्या सवर्णांच्या मनात त्याचा राग होता.

१३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतर मेजर जनरल चौधरी यांचे लष्करी प्रशासन आले आणि मग एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. निजाम स्वतः राजप्रमुख बनला. म्हणजे १९५० साली संविधान लागू झाले तेव्हाही हैदराबादच्या जनतेने कुणालाच निवडून दिलेले नव्हते. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. कागदावर बरेच बदलले. गावात पाटील तोच होता, देशमुख तोच होता आणि येसकराची पाळीही तीच होती.

या काळातली एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसवली गेली. मतदान त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी झाले.

मतदान कसे होत होते

आज आपण यंत्राचे बटण दाबतो. १९५२ ची पद्धत वेगळी होती आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय निकालाचा अर्थ लागत नाही.

मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नसे, चिन्हही नसे आणि शिक्काही मारायचा नसे. साधारण एक रुपयाच्या नोटेएवढा कागद मतदाराच्या हाती दिला जाई. आडोशाच्या मागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी ठेवलेली असे आणि तिच्यावर त्याच्या पक्षाचे चिन्ह चिकटवलेले असे. काँग्रेसची बैलजोडी, सोशालिस्टांचे झाड, फेडरेशनचा हत्ती. मतदाराने आत जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा. अक्षरओळख नसलेल्या माणसाला हे सोपे होते. (या निवडणुकीच्या लोखंडी पेट्या बनवणाऱ्या मोजक्या कारखान्यांत हैदराबादचा ऑलविन मेटल वर्क्सही होता.) पद्धतीत दोषही होता. कोरा कागद खिशात घालून बाहेर आणता येई आणि बाहेर उभा असलेला दलाल तो विकत घेऊ शकत असे.

तरी त्या आडोशाचे मोल मोठे होते. चावडीवर पाटलासमोर मान वर न करणारा माणूस आत एकटा असे. कोणती पेटी, हे पाटलाला दिसत नव्हते.

आता मुख्य मुद्दा. संविधानाने स्वतंत्र मतदारसंघ नाकारले आणि लोकसभा व विधानसभांत अनुसूचित जाती-जमातींसाठी सुरुवातीला दहा वर्षांपुरत्या राखीव जागा दिल्या. त्या जागा पुष्कळ ठिकाणी द्विसदस्य मतदारसंघांत बसवण्यात आल्या. एक मोठा मतदारसंघ, त्यातून दोन प्रतिनिधी. एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव. प्रत्येक मतदाराला, मग तो कोणत्याही जातीचा असो, दोन मते. ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांनाच द्यायची. एकाच पेटीत दोन्ही कागद टाकले तर एक बाद.

मोजणी अशी होई. प्रथम राखीव जागेचा निकाल लावायचा, म्हणजे अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. मग उरलेल्या सगळ्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते तो सर्वसाधारण जागेवर विजयी.

हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागा होत्या. त्यांसाठी १०९ एकसदस्य आणि ३३ द्विसदस्य मतदारसंघ आखले होते. लोकसभेच्या २५ जागांसाठी १७ एकसदस्य आणि ४ द्विसदस्य मतदारसंघ होते : महबूबनगर, करीमनगर, नलगोंडा आणि नांदेड. दोन्ही सभागृहांसाठी द्विसदस्य मतदारसंघात राहणाऱ्या माणसाला एकूण चार कागद टाकावे लागत. आयुष्यात पहिल्यांदा मत देणाऱ्याला चार कागद आणि आडोशामागे पेट्यांची रांग. यात किती मते वाया गेली असतील याचा विचार वाचकांनीच करावा.

कोण कोण उभे होते

काँग्रेस हा सत्तेचा पक्ष होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या स्टेट काँग्रेसची पुण्याई तिच्या मागे होती. स्वामीजी स्वतः मराठवाड्यातून उभे न राहता गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले.

तेलंगणात चित्र निराळे होते. तिथे शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा झाला होता आणि तो ऑक्टोबर १९५१ मध्येच मागे घेतला गेला होता. कम्युनिस्ट पक्षावर राज्यात बंदी होती, म्हणून कम्युनिस्ट आणि त्यांचे सहकारी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट, म्हणजे पीडीएफ या नावाने उतरले. सरोजिनी नायडू यांचे चिरंजीव डॉ. जयसूर्य हे या आघाडीतले मोठे नाव. ते मेदकमधून खासदार झाले. मराठवाड्यात शेतकरी कामगार पक्ष होता आणि सोशालिस्टही होते.

आणि फेडरेशन होते. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. पक्षाचा जाहीरनामा ऑक्टोबरात आला. त्यात काँग्रेसला विरोध होता, हिंदुमहासभा आणि रा. स्व. संघाशी युती नाही असे होते आणि कम्युनिस्टांशीही नाही असे होते. मुंबईत सोशालिस्टांशी युती झाली. पैसा नव्हता, वेळ नव्हता आणि गावोगाव नेणारी वाहने नव्हती.

निकाल

१७५ पैकी काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या. पीडीएफला ४२, सोशालिस्टांना ११, शेकापला १०, फेडरेशनला ५ आणि अपक्षांना १४. काँग्रेसची मते सुमारे ४२ टक्के होती, पण जागा निम्म्याहून जास्त. विरोधी मते विखुरली की असे होते. हे १९५२ पासून चालू आहे आणि अजून आपल्या ध्यानात पुरते आलेले नाही.

६ मार्च १९५२ रोजी बुर्गुला रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. मराठवाड्याचे दिगंबरराव बिंदू गृहमंत्री झाले, काशिनाथराव वैद्य सभापती झाले. विरोधी बाकांवर पीडीएफचे नेते व्ही. डी. देशपांडे बसले. ते मराठी माणूस, पण तेलंगणातून निवडून आलेले. त्या राज्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड अशी तिहेरी वस्ती होती आणि कारभाराची भाषा उर्दू होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही.

लोकसभेच्या २५ जागांत काँग्रेसला १४, पीडीएफला ७, आणि सोशालिस्ट, शेकाप, फेडरेशन व अपक्ष यांना प्रत्येकी एक. शेकापची जागा परभणीची, नारायणराव वाघमारे यांची. पीडीएफच्या सातांपैकी एक बीडची, रामचंद्र परांजपे यांची. म्हणजे तेलंगणाबाहेरही काँग्रेसविरोधी वारा होता.

नलगोंड्याचा निकाल देशभर गाजला. तिथे पीडीएफचे रावी नारायण रेड्डी यांना ३,०९,१६२ मते पडली. देशात कुणालाही एवढी मते मिळाली नाहीत, पंतप्रधान नेहरूंनाही नाहीत. या विक्रमाबद्दल बोलताना एक गोष्ट सांगायची राहून जाते. नलगोंडा हा द्विसदस्य मतदारसंघ होता आणि दुसऱ्या, राखीव जागेवर पीडीएफचेच सुंकम अच्चालू निवडून आले. त्यांचे नाव कुणी घेत नाही. भूमिहीन दलितांनी ज्या लढ्यात रक्त सांडले, त्या लढ्याच्या जिल्ह्यातून गेलेला दलित खासदार विक्रमाच्या सावलीत दिसेनासा झाला.

चार जोड्या

आता त्या चार द्विसदस्य लोकसभा मतदारसंघांकडे पाहू. आमच्या मते या निवडणुकीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे.

महबूबनगर : दोन्ही जागा काँग्रेसला. नांदेड : दोन्ही जागा काँग्रेसला, शंकरराव टेळकीकर आणि देवराव कांबळे. नलगोंडा : दोन्ही पीडीएफला. करीमनगर : एक पीडीएफचे बद्दम येल्ला रेड्डी यांना आणि दुसरी फेडरेशनचे एम. आर. कृष्णा यांना.

चारपैकी एकाही ठिकाणी असे झाले नाही की सर्वसाधारण जागा काँग्रेसकडे गेली आणि राखीव जागा विरोधकाकडे आली, किंवा उलट. जोडी एकत्र जिंकते आणि एकत्र हरते. कारण उघड आहे. राखीव जागेवरचा उमेदवार सगळ्या मतदारांच्या दुसऱ्या मतावर निवडून येतो. अनुसूचित जातीचे मतदार कुठल्याही मतदारसंघात अल्पसंख्यच असतात. सर्व दलितांनी एकजुटीने हत्तीच्या पेटीत कागद टाकला तरी तेवढ्याने भागत नाही. बाकीच्यांचा दुसरा कागद कोणत्या पेटीत पडतो त्यावर निकाल ठरतो. सवर्ण काँग्रेस मतदाराचा दुसरा कागद काँग्रेसच्या दलित उमेदवाराला पडे. पीडीएफला मत देणाऱ्या करीमनगरच्या शेतकऱ्याने दुसरा कागद हत्तीच्या पेटीत टाकला, तेव्हा फेडरेशनचा खासदार झाला.

जाहीरनामा काय म्हणत होता आणि करीमनगरच्या मतदाराने कोणत्या दोन पेट्यांची सांगड घातली, यातला विरोध आम्हाला दिसतो. आम्ही त्यावरून कुणाला दोष देणार नाही. तेलंगणातल्या दलित शेतमजुराच्या दृष्टीने देशमुखाच्या विरोधात उभा राहणारा कोण, एवढाच प्रश्न होता.

फेडरेशनच्या दुसऱ्या खासदाराची गोष्टही हेच सांगते. ते पां. ना. राजभोज, मुंबई राज्यातल्या सोलापूरचे. सोलापूरही द्विसदस्य मतदारसंघ होता आणि तिथली सर्वसाधारण जागा शेकापचे शंकरराव मोरे यांनी जिंकली. म्हणजे फेडरेशनचे दोन्ही खासदार अशा ठिकाणाहून आले जिथे शेजारची सर्वसाधारण जागा शेतकऱ्यांत मूळ असलेल्या बिगरकाँग्रेस पक्षाने जिंकली होती.

आणि मुंबई? उत्तर मुंबई हा मतदारसंघही दुहेरीच होता. सर्वसाधारण जागेवर सोशालिस्टांचे अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. समोर काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण काजरोळकर. कम्युनिस्टांचे डांगे वेगळे उभे. गांधींना १,४९,१३८ मते, मेहतांना १,३९,७४१. काजरोळकरांना १,३८,१३७, बाबासाहेबांना १,२३,५७६. बाबासाहेब १४,५६१ मतांनी हरले.

या आकड्यांत एक वजाबाकी दडली आहे, ती आपण करत नाही. मेहतांना बाबासाहेबांपेक्षा १६,१६५ मते जास्त पडली. एका मतदाराला एका उमेदवाराला एकच मत देता येत होते. म्हणजे मेहतांना मत देणाऱ्यांपैकी निदान १६,१६५ जणांनी आपले दुसरे मत बाबासाहेबांना दिले नाही. पराभवाचे अंतर त्याहून कमी आहे. युतीच्या मतदारांनी युतीचा दुसरा कागद पाळला असता तर संविधानाच्या शिल्पकाराला लोकसभेत जाण्यापासून कुणी अडवू शकले नसते. ही मते नेमकी कुणाची, कोणत्या वस्तीची, हे आकडे सांगत नाहीत. दुसऱ्या मताला जात असते, एवढे मात्र सांगतात.

बाद झालेल्या मतपत्रिका तर ७० हजारांहून अधिक होत्या. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकण्याचा किंवा एक मत वाया घालवण्याचा प्रचार मुद्दाम केला गेला, अशी तक्रार करणारी याचिका बाबासाहेब आणि मेहता यांनी मिळून केली. न्यायाधिकरणाने ती फेटाळली. बाबासाहेब त्याच वर्षी मुंबई विधानसभेतून राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना लोकसभेत जाता आले नाही.

आपले की त्यांचे

राखीव जागेवर निवडून आलेला माणूस नक्की कुणाचा प्रतिनिधी, हा प्रश्न बाबासाहेब १९३२ पासून विचारत होते. १९४६ च्या निवडणुकीनंतर त्यांनी प्राथमिक निवड आणि अंतिम निकाल यांतली तफावत दाखवून कॅबिनेट मिशनपुढे हाच मुद्दा मांडला होता. हैदराबादमध्ये तो उघड्यावर आला. विधानसभेत ३३ दुहेरी मतदारसंघ, म्हणजे तेवढेच राखीव प्रतिनिधी. फेडरेशनचे आमदार पाच. उरलेले इतर पक्षांचे. ते सगळे नालायक होते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण त्यांना तिकीट देणारा, निवडून आणणारा आणि पुढच्या वेळी पाडू शकणारा हात दुसऱ्याचा होता.

याचा पुढचा पुरावा फेडरेशनच्याच दोन खासदारांनी दिला. करीमनगरचे कृष्णा पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि काँग्रेसकडून लोकसभेवर निवडून येत राहिले. सोलापूरचे राजभोजही काँग्रेसमध्ये गेले आणि १९५७ मध्ये राज्यसभेवर गेले. गद्दारी म्हणून शिव्या देऊन हा विषय संपवण्याची आपल्याकडे सवय आहे. ज्या मतदारसंघात आपली मते पाचाला एकसुद्धा नसतात, तिथे स्वतंत्र पक्षाचा माणूस दुसऱ्यांदा कसा निवडून यायचा, याचेही उत्तर शिव्या देणाऱ्याने द्यावे.

१९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने ठराव केला की संसद, विधिमंडळे आणि स्थानिक संस्थांतल्या राखीव जागा रद्द कराव्यात. नोकरी आणि शिक्षणातल्या सवलतींबद्दल हा ठराव नव्हता, राजकीय जागांबद्दल होता. आज हा ठराव आरक्षणविरोधी लोक आपल्या सोयीने उद्धृत करतात आणि आपले लोक त्यामुळे त्याचा उल्लेखच टाळतात. १९५२ च्या या दोन मतांच्या हिशेबाशेजारी ठेवून तो वाचला तर त्यामागचा अनुभव कळतो.

पुढे काय झाले

हैदराबाद राज्याची ही पहिली निवडणूक शेवटचीही ठरली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत हैदराबादचे तीन तुकडे झाले. तेलंगणा आंध्र प्रदेशात, कन्नड जिल्हे म्हैसूरमध्ये आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. त्याच्या अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला धम्मदीक्षा झाली होती. मराठवाड्यातून नागपूरला निघालेली माणसे हैदराबाद राज्यातून निघाली होती. घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचे राज्य बदलले.

१९५७ मध्ये नांदेड हा पुन्हा दुहेरी मतदारसंघ होता. पाच वर्षांपूर्वी जिथे दोन्ही जागा काँग्रेसने घेतल्या होत्या, तिथून या वेळी फेडरेशनचे हरिहरराव सोनुले लोकसभेवर गेले. तेव्हा बाबासाहेब नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात फेडरेशन जाऊन रिपब्लिकन पक्ष आला.

दुहेरी मतदारसंघांचा शेवट मात्र दलितांच्या तक्रारीमुळे झाला नाही. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरमला दोन्ही जागांवर अनुसूचित जमातीचे उमेदवार निवडून आले आणि व्ही. व्ही. गिरी यांच्यासारखा काँग्रेसचा मोठा नेता पडला. नियमाप्रमाणे तो निकाल बरोबर होता. राखीव जागा भरल्यावर उरलेल्यांत ज्याला जास्त मते तो सर्वसाधारण जागेवर. गिरी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. त्यानंतर १९६१ मध्ये कायदा करून द्विसदस्य मतदारसंघच रद्द करण्यात आले.

१९६२ ला मराठवाड्यातला मतदार नव्या महाराष्ट्र राज्याच्या पहिल्या निवडणुकीत मत द्यायला गेला, तेव्हा त्याच्या हाती लोकसभेसाठी एक आणि विधानसभेसाठी एक अशी मतपत्रिका होती. राखीव मतदारसंघ आता वेगळे आखलेले होते. उमेदवार सगळे अनुसूचित जातीचे आणि मतदार बहुसंख्येने इतर.